शेऱ्याचा रकाना

पावसाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक ओळ असते: कोयना इतके मिलिमीटर, नवजा इतके, महाबळेश्वर इतके. असे आकडे ज्यांच्या हातून निघतात त्यांतले एक माझे मामा. पाटण तालुक्यात एका पर्जन्यमापन केंद्रावर त्यांनी तीस पावसाळे नोंदी घेतल्या. आता निवृत्त आहेत. माझी लेक पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधन करते. तिचा विषय असा की जिथे मोबाइलची रेंज पोचत नाही अशा डोंगरात बिनतारी सेन्सर पेरायचे आणि त्यांनी साठवलेला डेटा वरून ड्रोन नेऊन गोळा करायचा. यंदा मे महिन्यात आम्ही मामांकडे गेलो तेव्हा तिने पाठपिशवीतून एक राखाडी डबी काढून पडवीत ठेवली. पुढे दोन संध्याकाळी जो वाद झाला तो मी उतरवून घेतला; त्यात आजोबा म्हणजे मामा आणि नात म्हणजे माझी लेक. मी स्वतः फारसा बोललो नाही. जिथे मला काही म्हणायचं आहे ते वेगळं लिहिलं आहे.

आजोबा: ही डबी पाऊस मोजते म्हणतेस?

नात: पाऊस टिपतं ते नरसाळं आणि त्याखालचं डोलतं भांडं. ठरावीक पाणी साठलं की भांडं कलतं, पाणी सांडतं आणि दुसरी बाजू नरसाळ्याखाली येते. किती वेळा कललं याची नोंद डबी ठेवते.

आजोबा: आणि ती नोंद आणायला ड्रोन! आम्ही सकाळी साडेआठला नरसाळं उचलायचो, बाटलीतलं पाणी मापात ओतायचो, वहीत लिहायचो आणि वर कळवायचो. दहा मिनिटांचं काम.

नात: केंद्र रस्त्याला लागून होतं म्हणून दहा मिनिटांचं. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. तुम्हीच सांगता ना, एका सोंडेवर कोसळतो आणि पलीकडच्या सोंडेवर नुसती भुरभुर असते? मग रस्त्याकडेच्या एका नरसाळ्यावरून अख्ख्या खोऱ्याचा हिशेब कसा मांडायचा? वरच्या सड्यावर, ओढ्याच्या उगमाशी, जिथे रोज कोणी जाणार नाही तिथे मोजायला हवं.

आजोबा: मोजा की. कार्ड घाला मोबाइलचं आत.

नात: सड्यावर रेंज येते का?

आजोबा: खालच्या वाडीतही येत नाही. मग एका डबीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला. असं करत रस्त्यापर्यंत.

नात: तसंच करतात, आणि तिथेच घोडं अडतं. रस्त्याकडेच्या घराचं कसं होतं? वरच्या वाड्यांचं सामान, निरोप, गॅसची टाकी, सगळं त्याच्याच ओसरीवर येऊन पडतं. तसं रस्त्याजवळच्या डबीला स्वतःचा आकडा तर पाठवायचाच, शिवाय मागच्या सगळ्यांचे आकडेही पुढे ढकलायचे. तिची बॅटरी सगळ्यांत आधी संपते. ती मेली की मागच्या धडधाकट डब्याही मुक्या होतात. मोजायला फार वीज लागत नाही आजोबा, बोलायला लागते. पॉटी आणि कायझर या दोघा संशोधकांनी २००० साली हिशेब मांडला होता: एक किलोबिट माहिती शंभर मीटर पाठवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात प्रोसेसर तीस लाख सूचना पार पाडू शकतो.

आजोबा: म्हणजे डबीनं गप्प बसावं.

नात: गप्प बसावं आणि लिहीत राहावं. रेडिओ झोपलेला. ड्रोन डोक्यावर आला की तो हाक देतो. डबी जागी होते, साठवलेलं सगळं ओतते, पोचल्याची खूण मिळाली की पुन्हा झोपते. जमिनीलगत जाणारी रेडिओलहर ओल्या पानांत, चढात, खडकात अडकते. वर आकाश मोकळं असतं, त्यामुळे थोड्या शक्तीत काम भागतं.

आजोबा: चार महिन्यांचं सगळं ओतायचं म्हणजे ड्रोन तिथं किती वेळ घिरट्या घालणार?

नात: पंधरा मिनिटांना एक नोंद धरा. दिवसाला ९६. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. एकूण ११,७१२ नोंदी. एका नोंदीला आठ बाइट दिले तरी सगळा पावसाळा ९४ हजार बाइटांत बसतो. सकाळी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा होता. जवळून, वेगवान रेडिओवर ओतायला काही सेकंद लागतात.

मामा यावर बराच वेळ गप्प होते. तीस पावसाळ्यांच्या वह्या त्यांच्या माडीवर एका पत्र्याच्या पेटीत आहेत. खात्यात जमा करायच्या वह्या वेगळ्या. या त्यांनी स्वतःसाठी उतरवून ठेवलेल्या. ती पेटी उचलायला दोन माणसं लागतात.

आजोबा: बरं. जुलैत तुझा ड्रोन उडेल?

नात: नाही.

आजोबा: का?

नात: ढग सड्यावर टेकलेले असतात, दहा पावलांवरचं दिसत नाही. वारा असतो. छोट्या ड्रोनची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि उलट्या वाऱ्यात तीही लवकर उतरते. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार परवानगीविना उडवता येणाऱ्या हिरव्या पट्ट्यातही चारशे फुटांच्या वर जाता येत नाही आणि खास परवानगी नसेल तर ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेत राहावा लागतो.

आजोबा: म्हणजे माणूस डोंगरावर चढणारच! फक्त सड्यावर न जाता समोरच्या टेकाडावर उभा राहणार.

नात: एका टेकाडावरून दहा डब्या होतात, आजोबा. दहा ओढे ओलांडावे लागत नाहीत.

आजोबा: ते राहू दे. जुलैत उडणार नाही, म्हणजे पाऊस कळणार ऑक्टोबरात. २२ जुलै २०२१ ची रात्र मी याच घरात काढली. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. तिन्ही ठिकाणी डोंगर खाली आला. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला होता. आमच्या बाटलीचा हिशेब तुला ठाऊक आहे? तोंड २०० चौरस सेंटीमीटर, बाटली दहा लिटरची. ५०० मिलिमीटरला ती काठोकाठ भरते. त्याच्यावरचा पाऊस धरायला बाटलीच उरत नाही. त्या रात्री दिवे गेलेले, फोन बंद, रस्ता वाहून गेलेला. मिरगावच्या माणसाला तुझ्या ऑक्टोबरातल्या आकड्याचा काय उपयोग?

लेक लगेच बोलली नाही. तिने डबी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला असं मला वाटलं नाही. पण तो असा, त्या रात्री जागलेल्या माणसाकडून तिने पहिल्यांदा ऐकला.

नात: त्या रात्रीसाठी काही उपयोग नाही. दरडीचा इशारा द्यायचं काम मी ड्रोनवर कधीच सोपवणार नाही. केरळात मुन्नारजवळ अंतोनियार कॉलनीत अमृता विद्यापीठाने उतारात सेन्सर पुरले आहेत. मातीतल्या पाण्याचा दाब किती वाढला, उतार किती कलला, हे ते मोजतात. तिथला डेटा वाट बघत नाही. बिनतारी जाळ्यातून आणि उपग्रहावरून सरळ विद्यापीठात जातो. जे ओरडून सांगायचं ते त्याच क्षणी गेलं पाहिजे, त्यासाठी महागडी वीज आणि महागडा उपग्रह लागला तरी चालेल.

आजोबा: मग तुझं काय काम?

नात: किती पावसानंतर ओरडायचं, हे कोणी ठरवायचं? एका दिवसात तीनशे मिलिमीटर पडला की, की तीन दिवस दोनशे-दोनशे पडून चौथ्या दिवशी एका तासात ऐंशी कोसळला की? ते ठरवायला त्याच उतारावरच्या, पंधरा-पंधरा मिनिटांच्या, कितीतरी वर्षांच्या नोंदी लागतात. जिथे दरड आली तिथल्या आणि जिथे आली नाही तिथल्याही. रस्त्याकडेच्या केंद्रावरचा दिवसाचा एक आकडा त्याला पुरत नाही. त्या नोंदी ऑक्टोबरात मिळाल्या तरी चालतात. पण मिळायला हव्यात.

आजोबा: ओरडायचं वेगळं आणि लिहून ठेवायचं वेगळं. हे आधी सांगायचं होतंस.

नात: तुम्ही विचारलंत म्हणून मला नीट सांगता आलं.

आजोबा: पण लिहून ठेवलेलं आणायला ड्रोनच का? सकाळची एसटी आहे. गुरं घेऊन सड्यावर जाणारी पोरं आहेत. कंडक्टरच्या पिशवीत नाहीतर गुराख्याच्या खिशात एक यंत्र द्यायचं, जाता-येता डब्यांशी बोलेल ते.

मला वाटलं, लेक हसेल. ती उठून मामांच्या शेजारी जाऊन बसली.

नात: आजोबा, हे झालं आहे. आपल्या शेजारीच, कर्नाटकात, दोड्डबळ्ळापूर तालुक्यात. वीसेक वर्षांपूर्वी एमआयटीच्या माणसांनी बसवर वाय-फायचं यंत्र बसवलं होतं. गावातल्या संगणकावर लोकांनी जमिनीच्या कागदांची मागणी नोंदवायची, बस गावातून गेली की तिने ती उचलायची, तालुक्याला पोचवायची आणि परत येताना उत्तर टाकायचं. नाव काय दिलं होतं माहीत आहे? डाकनेट. आपल्या डाकेवरून. त्याच सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी सेन्सरांमधून फिरून डेटा उचलणाऱ्या कशालाही डेटा म्यूल म्हणायला सुरुवात केली. डेटाचं खेचर. बस असो, गुरं असोत, माणूस असो.

आजोबा: म्हणजे माझं डोकं अजून चालतं.

नात: चांगलं चालतं. जिथे एसटी जाते तिथे मी ड्रोन नेणारच नाही. जिथे गुराखी रोज जातो तिथेही नाही. तो मातीत पाय रोवून चालतो, त्याला वाऱ्याची भीती नाही, आणि ड्रोनच्या बॅटरीपेक्षा त्याची भाकरी स्वस्त आहे.

आजोबा: भाकरी स्वस्त म्हणून माणूस फुकट राबवू नका म्हणजे झालं.

या वाक्यावर पहिली संध्याकाळ संपली. रात्री लेकीने मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ड्रोन आणि सेन्सर यांची ही जोडी जुनी आहे. मार्च २००१ मध्ये कॅलिफोर्नियात ट्वेंटीनाइन पाम्सच्या वाळवंटात बर्कलीच्या संशोधकांनी एका छोट्या मानवरहित विमानातून रस्त्याकडेला सहा सेन्सर टाकले. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची चाहूल त्यांनी नोंदवली आणि नंतर त्याच विमानाने वरून जाऊन ती माहिती उचलली. ती कल्पना लष्करासाठी होती. दुसरी गोष्ट त्यानंतरच्या वर्षाची. मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत सेन्सर ठेवले गेले, कारण माणूस सारखा बिळांशी गेला तर पक्षी घरटं सोडतात. माणसाने दूर राहावं म्हणून सेन्सर, ही बाजू तिला अधिक जवळची आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी माडीवरची पेटी खाली आणायला लावली.

आजोबा: हे वाच. या तारखेला काय लिहिलंय?

नात: पाऊस शून्य.

आजोबा: पुढं?

नात: शेरा: नरसाळ्यात जांभळीचे पान अडकले, पाणी बाहेर वाहून गेले. रात्रभर मुसळधार.

आजोबा: तुझ्या डबीनं काय लिहिलं असतं?

नात: शून्य.

आजोबा: आणि ड्रोननं?

नात: शून्यच आणला असता. पोचल्याची खूणही दिली असती.

आजोबा: कोरड्या दिवसाचं शून्य आणि तुंबलेल्या नरसाळ्याचं शून्य तुझ्या पुण्याच्या संगणकात शेजारी शेजारी बसलं असतं. पुढचं पान काढ.

नात: शेरा: ओढ्याला पाणी, दोन दिवस केंद्रावर जाता आले नाही. आकडा दोन्ही दिवसांचा मिळून. शेरा: वारा फार, पाऊस आडवा, भांड्यात कमी भरला असावा. शेरा: वानरांनी झाकण पाडले.

आजोबा: साहेब यायचे तेव्हा आकड्यांचा रकाना बघायचे. शेऱ्याचा रकाना कोणी बघितला नाही. पण त्या रकान्याशिवाय शेजारच्या आकड्याला काही किंमत नाही, हे मी तीस वर्षांत शिकलो.

नात: मी ड्रोनला कॅमेरा लावते. डबीवर तो थांबतोच, खाली नरसाळ्याचा फोटो काढेल. पान असेल तर दिसेल. बॅटरीचा दाब डबी स्वतः नोंदवते. शेजारी दुसरं नरसाळं ठेवलं की दोघांचे आकडे ताडून बघता येतात.

आजोबा: ऑक्टोबरात काढलेल्या फोटोत जूनमधलं पान दिसणार नाही. ते कुजून वाहून गेलेलं असेल. आणि नरसाळ्याच्या आत, भांड्याच्या बिजागरीशी कोळ्यानं जाळं केलं असेल तर वरून काय दिसणार?

नात: नाही दिसणार.

आजोबा: मग?

नात: मग मला माहीत नाही.

हे तिने सरळ कबूल केलं याचा मला अभिमान वाटतो. नरसाळ्यात अडकलेलं पान हे तिच्या क्षेत्रातल्या गणितात फारसं येत नाही. तिथे ड्रोनने सगळ्यांत कमी अंतर कापून सर्व सेन्सरांवरून कसं जावं, हातात पडलेल्या माहितीचं वय किती झालं, कोणत्या उंचीवर किती बिट जातात, असे प्रश्न असतात. ते अवघड आहेत आणि त्यांवर फार कष्टाने काम चालू आहे. पण त्या सगळ्या गणितांत सेन्सर खरं बोलतो हे आधीच धरलेलं असतं.

आजोबा: आणि जंगलाचं? तिकडं व्याघ्र प्रकल्प आहे. हे भुणभुणणारं यंत्र बघून जनावरं बुजणार नाहीत?

नात: वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे उडवताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. मिनेसोटात संशोधकांनी अस्वलांच्या हृदयाचे ठोके मोजत वरून ड्रोन नेला होता. २०१५ मध्ये त्यांनी तो अभ्यास छापला. अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीही नाहीत, पण ठोके वाढले होते. एकाचे तर मिनिटाला शंभराहून जास्त. नुसतं बघून कोणी म्हणालं असतं की अस्वलाला काही वाटलं नाही.

आजोबा: बघ. तिथंही आकड्याशेजारी कोणीतरी दुसरं काही मोजलं म्हणून कळलं.

नात: हो. तिथे डोळ्याला दिसलं नाही ते यंत्राने सांगितलं. तुमच्या वहीत यंत्राला कळलं नसतं ते डोळ्याने सांगितलं.

आजोबा: मग दोन्ही ठेव. वरच्या सड्यावर महिन्यातून एकदा जाणारा एक माणूस ठेव. पावसाळ्यातसुद्धा, उघडीप मिळेल तेव्हा. नरसाळं साफ करेल, जाळं काढेल, आणि काय बघितलं ते लिहील. त्याच्या खिशात तुझं खेचर ठेवलंस तर डेटाही घेऊन येईल.

नात: मग ड्रोन कशाला, असं तुम्हीच म्हणाल.

आजोबा: नाही म्हणणार. ओढा चढलेला असताना त्या माणसानं पलीकडं जाऊ नये, म्हणून ड्रोन. मी गेलोय तशा ओढ्यात. छातीएवढं पाणी होतं आणि हातात मोजमापाची वही. कशासाठी? एका आकड्यासाठी. त्या दिवशी तुझा ड्रोन असता तर मी काठावर उभा राहिलो असतो.

ही गोष्ट मामांनी यापूर्वी घरात कोणालाही सांगितली नव्हती.

माझं मत मला स्पष्ट सांगायला हवं. वादात मी आधी लेकीच्या बाजूने होतो, आता पूर्णपणे नाही. जिथे पाय पोचत नाहीत किंवा पोचवणं जिवावर बेतू शकतं तिथून थांबू शकणारा डेटा आणायला ड्रोन हे उत्तम साधन आहे. जो डेटा थांबू शकत नाही, त्याच्यासाठी ड्रोनवर विसंबणं हा गुन्हा ठरेल. आणि दोन्ही ठिकाणी, आकडा ज्या जागेवरून आला ती जागा नियमाने बघणारा माणूस नसेल तर त्या आकड्यावर इशारे ठरवू नयेत.

लेकीने पुण्याला परतल्यावर तिच्या डेटाच्या तक्त्यात बदल केला. वेळ, पाऊस, बॅटरी, तापमान यांच्यापुढे एक मोकळा रकाना आला आहे. त्याचं नाव तिने शेरा असंच ठेवलं आहे. तो भरण्यासाठी सड्याखालच्या वाडीतल्या एका मुलाला महिन्याचं मानधन द्यावं, अशी मागणी तिने प्रकल्पाच्या खर्चाच्या अंदाजात लिहिली आहे.

डोंगरात, धरणांच्या पाणलोटात, जंगलात अशी जाळी पसरवण्याचे आराखडे ज्यांच्या टेबलावर आहेत, त्यांना माझी विनंती आहे: ड्रोनचा, सेन्सरचा आणि बॅटरीचा खर्च मांडाल तेव्हा त्याखाली आणखी एक ओळ मांडा, शेरा लिहिणाऱ्या माणसाच्या मानधनाची. आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली तर ती ओळ सगळ्यांत शेवटी कापा.